तपासणीचा गॅस

शेजीच्या गं दारी, मोगरा दाटला
माह्या काळजात, विस्तू कोनं ठेवला

अन्नपूर्णाबाई मिरचीच्या वाफ्यात निंदताना हे म्हणायची. संजीवनी तेव्हा एवढीशी. विस्तू म्हणजे चुलीतला निखारा, इतकंच तिला ठाऊक. तो काळजात कसा ठेवतात असं विचारलं, तर आई हसून पुढच्या वाफ्यात सरकायची. आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. पण या उन्हाळ्यात अमडापूरहून निघालेल्या काळीपिवळी जीपमध्ये बसलं, की इंजिनाच्या घरघरीखालून तो आवाज पुन्हा येऊ लागला.

शेजारी महेजबीन बसलेली असायची. तिच्या ओढणीला साबणाचा वास येई.

पूर्वी दोघींचा वास एकच होता. आसपासच्या गावांचा कचरा एका जुन्या खदानीत पडत गेला, खदान भरली, वर टेकडी झाली. टेकडीच्या पोटात सडून गॅस होतो. तो उभ्या नळ्यांनी ओढायचा आणि त्यावर वीज करायची, असा तो कारखाना. त्या नळ्यांना सगळे बोअरच म्हणत. आयटीआयच्या एकाच बाकावरून उठून दोघी इथं आल्या होत्या. हातात मीटर घेऊन बोअरमागून बोअर हिंडायचं, मिथेन किती, हवा किती ते बघायचं, नळीवरचा वॉल, म्हणजे झडप, जरा उघडायची, जरा आवळायची. संध्याकाळी जीपमधली माणसं नाकाला रुमाल लावून बाजूला सरकत. दोघी एकमेकींकडे बघून हसत आणि ऐसपैस बसत.

मग बोअरवर सेन्सर आले. वॉल आपोआप फिरू लागले. रोज सकाळी एकदा यंत्र आकडा घेई; गॅस चांगला दिसला की वॉल थोडा उघडी, हवा दिसली की आवळी. खाली केबिनमध्ये पडदा आला, आणि पडद्यासमोर खुर्ची एकच. सुपरवायझर मोतीरामकाकांनी तिच्यासाठी महेजबीनचं नाव दिलं. संजीवनीला टेकडी राहिली. सेन्सर पुसायचे, नळ्यांत साचलेलं पाणी काढायचं.

ती भांडली नाही. बोलणं तेवढं सोडलं. जीपमध्ये मात्र शेजारीच बसे, कारण उठून दुसरीकडे बसणं म्हणजेसुद्धा काहीतरी बोलणंच झालं असतं.

पाच नंबरचा सेन्सर हट्टी होता. त्याची रोज सकाळी तपासणी करावी लागे. एका लहान सिलिंडरमधला गॅस त्याला हुंगवायचा. त्यात मिथेन किती, हे आधीच माहीत असतं; सेन्सर तेवढंच दाखवतो का, ते बघायचं. पण त्याआधी केबिनला फोन करून सांगायचं, की पाच नंबर तपासणीत टाक. मग महेजबीन एक बटण दाबी, आणि तेवढा वेळ यंत्र त्या आकड्यांकडे डोळेझाक करी. नाहीतर सिलिंडरचा गॅस त्याला टेकडीचाच वाटायचा.

अबोला धरल्यापासून हा निरोप मोतीरामकाकांच्या तोंडून जाई. काका वैतागत. एकदा म्हणाले, तुमच्या दोघींच्या मधात मी म्हणजे नुसता पोस्टमन झालो बुवा, टपालाची टोपी तरी द्या. दोघींपैकी कोणीच हसलं नाही. मग काका नातीच्या लग्नाला धाड गावी गेले, आणि फोन करायला उरल्या दोघीच.

पहिल्या सकाळी संजीवनीने फोन हातात घेतला, नाव काढलं, आणि खिशात ठेवून दिला. सिलिंडर लावला आणि नळ्या धूत बसली. संध्याकाळी कामाच्या ग्रुपवर मॅनेजर साहेबांनी महेजबीनला शाबासकी दिली होती. पाच नंबरचा गॅस वाढला म्हणून.

संजीवनीला तेव्हाच कळलं की ती शाबासकी सिलिंडरची आहे. सांगायचं ते तिने गिळलं. दुसऱ्या दिवशीही फोन केला नाही, तिसऱ्याही. मनात म्हणाली, घे, अजून घे, पोट भरून घे.

एका संध्याकाळी जीपमध्ये महेजबीनच आधी बोलली. हळूच, खिडकीबाहेर बघत.

"संजू, पाच नंबरवर सकाळी काही करून राह्यली का व तू? आकडा एकदम उडी मारते."

"मले काऊन विचारतं? तुह्या मशीनले विचार."

महेजबीनने ओढणी सारखी केली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली.

इकडं यंत्र भोळं. खोट्या गॅसला भुलून ते पाच नंबरचा वॉल रोज सकाळी थोडा उघडी. बोअर जोरात ओढू लागला, आणि टेकडीच्या भेगांतून हवा आत शिरली. सडत्या कचऱ्याला हवा लागली की तो आतून तापतो. पाच नंबरभोवतीची माती चपलेतून चटका देऊ लागली. मग एका भेगेतून धुराची बारीक दोरी वर आली.

नेमक्या त्याच दिवशी आकडे तपासायला बाहेरून पुष्पांजली मॅडम आल्या. त्यांनी स्वतःचं मीटर पाच नंबरला लावलं. हवा भरपूर, मिथेन थोडाच. पडद्यावरची नोंद मात्र सोन्यासारखी. केबिनमध्ये येऊन त्यांनी शांतपणे विचारलं, हे आकडे हाताने कोणी भरले. खुर्चीत महेजबीन होती, म्हणून सगळ्यांनी तिच्याकडेच पाहिलं.

"अल्लाकसम मॅडम, मी हात नाही लावला."

मॅनेजर साहेबांनी ऐकूनही घेतलं नाही. चूक असती तर पोटात घातली असती, ही तर फसवणूक आहे, म्हणाले. महेजबीनचं ओळखपत्र मागून घेतलं. ते गळ्यातून काढताना तिच्या ओढणीत अडकलं, आणि ते सोडवायला तिला उगाच फार वेळ लागला. मग साहेब दाराशी उभ्या संजीवनीकडे वळले.

"उद्यापासून तू बस इथं."

खुर्ची रिकामी झाली होती. गादीवर अजून बसल्याची खळगी होती. केबिनमध्ये गार होतं, साबणाचा तोच वास होता. संजीवनीला वाटलं, आता आपण काहीच करायचं नाही, नुसतं गप्प राहायचं. इतके दिवस राहिलोच की. महेजबीन तिच्या अंगाला अंग न लागू देता दाराबाहेर पडत होती. तिने संजीवनीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं, रागाने तरी, तर कदाचित गप्प राहता आलं असतं.

संजीवनीने तिचा हात धरला.

"साहेब, आधी पाच नंबरचा वॉल बंद करा, आग तिथं हाय. आकडे हिनं नाही भरले. तो तपासणीचा गॅस व्हता. सिलिंडर लावताना मी हिले सांगतच नव्हती." मग तिचा आवाज खाली आला, आणि ती फक्त महेजबीनशीच बोलली. "तूनं जीपमधी विचारलं तवाच मले समदं ठाऊक व्हतं, जबीन. तू त्या खुर्चीत बसली ना, तवापासून माहा जीव जळे."