पुन्हा परीक्षेला बसलेली पदवी

मी एक जुना कागद आहे, मित्रांनो. पण लगेच नाक मुरडू नका, मी पदवीचा कागद आहे! माझ्या माथ्यावर विद्यापीठाची सोनेरी मुद्रा आहे, तळाला कुलगुरूंची लांबलचक सही आहे, आणि मधोमध आमच्या डॉक्टरबाईंचं नाव. बाई जनावरांच्या डॉक्टर. गेली एकतीस वर्षं मी त्यांच्या दवाखान्यात, काचेच्या चौकटीत लटकतो आहे.

माझा जन्म विद्यापीठाच्या छापखान्यात झाला. नाव मात्र एका कारकुनांनी हाताने लिहिलं, तेही इतकं सावकाश की तेवढ्यात त्यांचा चहा निवला. मी हातात पडताच बाई वसतिगृहापर्यंत पळत सुटल्या. त्यांच्या घामेजल्या अंगठ्याचा डाग अजून माझ्या कोपऱ्यावर आहे. मला तो फार आवडतो.

दवाखान्यातले दिवस म्हणजे नुसती धमाल! एका बोकडाने टेबलावरची औषधांची यादी फस्त केली. माझ्यावरही त्याचा डोळा होता, पण काचेने वाचवलं. लोक माझ्याकडे बघून म्हणायचे, "बाई चांगल्या शिकलेल्या आहेत हं!" की मी असा फुगायचो! दर सोमवारी बाईंचे मिस्टर माझी काच पुसायचे.

आणि एका सकाळी पेपरात ती बातमी आली. आमच्या विद्यापीठात पूर्वी काही वर्षं लाच घेऊन आणि वशिल्याने गुण वाढवले गेले होते, नापासांना पास केलं होतं. त्यात बाईंचं वर्ष होतं. पकडलेल्यांत बाईंचे सर होते, ज्यांनी त्यांना गाईची नाडी बघायला शिकवलं होतं. बाई खुर्चीत बसून रडल्या. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन येणारे एक काका माझ्याकडे बघत म्हणाले, "डॉक्टर, रागावू नका हं, पण हे खरं आहे ना?"

बाईंनी खाली बघत कुत्र्याला तपासायला घेतलं. संध्याकाळी त्यांनी मला उतरवलं आणि बँडेजच्या कपाटात ठेवलं. दोन महिने मी कापसाच्या गुंडाळ्यांशी गप्पा मारत होतो. अहो, कापूस काय बोलणार!

मग विद्यापीठाचं पत्र आलं. नवे लोक कारभार बघत होते. त्या वर्षांतल्या ज्यांची इच्छा असेल त्यांनी यावं, नव्या परीक्षकांपुढे पुन्हा परीक्षा द्यावी. पास झालात तर पदवीवर नवा शिक्का, नापास झालात तर पदवी रद्द. सक्ती कुणावरच नव्हती.

"तुला काय पडलंय गं?" बाईंची धाकटी बहीण म्हणाली. "चोपन्नाव्या वर्षी परीक्षा? दवाखाना बंद पडला तर?"

"अगं, लबाडी केली चार जणांनी. मला घडवलं ते त्या विद्यापीठाने. आता ते अडचणीत आहे तर मी कपाट लावून बसू? आणि सर माझ्यावर खूश असायचे. माझे गुण माझेच होते का, हे मलाही कळू दे की एकदा."

झालं! अभ्यास सुरू. दोन पेशंटच्या मधे मिस्टर पुस्तक धरून प्रश्न विचारायचे आणि रोगांच्या नावांची पार वाट लावायचे. ते कुत्रेवाले काकासुद्धा पुस्तक धरून बसले.

परीक्षेला मी बाईंच्या पिशवीत, डब्याशेजारी होतो. आत तीन परीक्षक होते, सगळ्यांत लहान मुलगी तर बाईंच्या लेकीच्या वयाची. परीक्षा द्यायला आलेल्या बाई एकट्याच. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "गाईच्या पोटाचे कप्पे सांगा." बाईंनी तीन सांगितले. चौथा काही केल्या आठवेना! माझी शाई सुकायची वेळ आली.

मग त्यांना अंगणात लंगडणाऱ्या गाईकडे नेलं. परीक्षकांच्या कागदावर उत्तर होतं, सांध्याला सूज. बाई खाली बसल्या. "काय गं, कुठे दुखतंय माझ्या राणीला?" म्हणत त्यांनी तिचा पाय उचलला, खूर साफ केला आणि आत रुतलेला खडा काढला. गाय दोन पावलं चालली, चार चालली, आणि चक्क सरळ चालायला लागली.

परीक्षक मुलीने आपल्या कागदावरचं उत्तर खोडलं. "बाई, आता आमची परीक्षा कुणी घ्यायची?" ती हसत म्हणाली.

"थांब, चौथा कप्पा आठवला!" म्हणत बाईंनी तोही सांगून टाकला.

कुलसचिवांनी माझ्यावर शिक्का उमटवला: "पडताळले." बाई शिक्क्याकडे बघत राहिल्या. "माझेच होते," त्या पुटपुटल्या आणि मोठ्याने हसल्या.

बाहेर येतो तर काय! फाटकाशी पंधरा-वीस माणसं उभी होती, पिकल्या केसांची, काखेत आपापली चौकट घेऊन. एकाच्या चौकटीला खिळा तसाच लोंबकळत होता. सगळे फाटकापर्यंत आले होते, पण आत जायचा धीर कुणाला होत नव्हता.

"काय झालं गं?" एकीने विचारलं.

बाईंनी मला डोक्यावर उंच धरलं. "पास! चला आत, घाबरता काय!"

आणि रांग लागली की हो!

मित्रांनो, तुम्हालाही पुढे असा कागद मिळेल. त्याची काच पुसत जा, त्याला ओल लागू देऊ नका. आणि ज्या शाळेने तो दिला तिचं नाव कधी खराब झालं, तर तिला टाकू नका. फाटकातून आत जा. मागे कुणीतरी तुमचीच वाट बघत उभं असेल.