रॅस्क म्हणजे गोगलगाय

"रॅस्क म्हणजे गोगलगाय," थर्मासचं झाकण उघडता उघडता कुमारने निकाल देऊन टाकला. "त्यांच्या भाषेत."

"त्यांच्या म्हणजे कुणाच्या बे?" रवीने विचारलं.

"असेल कुणाच्या तरी. बर्फातल्या लोकांच्या."

रवी मूळचा नागपूरचा. कुमारला एकेचाळीस वर्षं ओळखत होता आणि या एकेचाळीस वर्षांत त्याने एकच नियम पाळला होता. कुमार जे छातीठोकपणे सांगेल, त्याच्या बरोब्बर उलट धरून चालायचं. या नियमावर त्याने दोन घरं घेतली होती आणि एक ऑपरेशन टाळलं होतं.

"लाव मग पैज," तो म्हणाला. "गोगलगायीच्या उलट जे काही असेल, ते माझं."

अशी ही पैज न्यूयॉर्कजवळच्या वेस्ट विंडसरच्या एका बाकावर, ऑक्टोबरातल्या सोमवारी सकाळी, स्टीलच्या पेल्यातल्या चहावर लागली. हरेल त्याने रवीच्या नातीचं, केयाचं, शाळेचं दप्तर पाठीला लावायचं, गळ्यात पाण्याची बाटली अडकवायची आणि समोरच्या शाळेच्या क्रॉसिंगवर पोरांच्या रांगेत उभं राहून रस्ता ओलांडायचा. सगळ्या सोसायटीसमोर. अट कुमारनेच घातली होती. सत्तर वर्षांचा रवी गुलाबी दप्तर लावून चाललाय, हे चित्र त्याला इतकं आवडलं की स्वतः हरू शकतो हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

ज्याच्या आडनावावर हे चाललं होतं, तो समोरच रस्त्यात उभा होता. मिस्टर रॅस्क. उंच, जरासा वाकलेला, अंगात पोपटी जाकीट, हातात स्टॉपची लाल पाटी. शाळा भरताना आणि सुटताना पोरांना रस्ता ओलांडून द्यायचा, एवढंच त्याचं काम. पण ते करायची रीत अशी की बघणाऱ्याला जांभई यावी. आधी डावीकडे बघणार, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. मग मोजून पावलं टाकत मधोमध जाणार, पाटी वर धरणार. पोरं निघणार, कुणाची बाटली पडणार, कुणी बुटाची नाडी बांधायला बसणार, आणि हा गृहस्थ देवळातल्या खांबासारखा उभा. शेवटच्या पोराचे दोन्ही पाय फुटपाथवर टेकल्याशिवाय पाटी खाली यायची नाही. तोवर गाड्यांची रांग पार वळणापर्यंत. त्या रांगेत निम्मे लोक न्यूयॉर्कची आगगाडी पकडायला जंक्शनवर निघालेले.

दोन आठवड्यांपूर्वी कुमारने याच बाकावरून त्याचा व्हिडिओ काढला होता. कोपऱ्यात घड्याळ लावलं आणि वर क्रिकेटसारखी कॉमेंट्री. "रॅस्क यांनी डावा पाय उचललेला आहे. उजव्या पायाबाबत अद्याप निर्णय झालेला नाही." एका क्रॉसिंगला दोन मिनिटं चाळीस सेकंद. सोसायटीच्या ग्रुपवर लोक हसून हसून लोळले. विनीता, म्हणजे रवीची बायको, तिने तर तीनदा बघितला.

"तुझा तो व्हिडिओ," रवी पेल्यात बघत म्हणाला, "टाउनशिपच्या ऑफिसात गेला."

"म्हणजे?"

"तुझ्या पोरानेच, अमेयने, पाठवला. गाडी चुकणाऱ्या लोकांनी कम्प्लेंट केली ना, तिला पुरावा म्हणून जोडला. गुरुवारी मीटिंग आहे. काढतील बहुतेक म्हाताऱ्याला."

कुमारने पेला बाकावर ठेवला. आयुष्यभर त्याने खोड्या काढल्या होत्या. साहेबाच्या खुर्चीला घंटी बांधली होती, लग्नात व्याह्यांचे बूट अदलाबदल केले होते. पण त्याच्या खोडीने कुणाची नोकरी गेली नव्हती.

नऊ वाजता शेवटची पोरं आत गेली आणि रॅस्क घडीच्या खुर्चीवर बसून डबा उघडू लागला. कुमार उठला. गुडघ्याला हात लावून, दोन टप्प्यांत. त्याचा उजवा गुडघा वर्षभर कुरकुरत होता, आणि ही गोष्ट घरात फक्त बायकोला, पद्मजाला, माहीत होती. अमेय यायचा असला की कुमार आधीच सोफ्यावर जाऊन बसे आणि तो जाईपर्यंत उठत नसे. म्हातारा झाला म्हणून मुलाने आपल्याकडे बघावं, हे त्याला मंजूर नव्हतं.

पैजेचं निमित्त बरं होतं. तो थेट म्हणाला, की तुमच्या आडनावावर मी आणि माझ्या मित्राने पैज लावलीय, अर्थ सांगा.

रॅस्कने सँडविच खाली ठेवलं. बोलायलाही तो तसाच, घाई नाही. "तुम्ही काय म्हणालात?"

"स्लो," कुमार म्हणाला. गोगलगाय म्हणायची त्याची छाती झाली नाही.

रॅस्क एवढा हसला की खुर्ची करकरली. "क्विक," तो म्हणाला. "चपळ. हरलात तुम्ही."

मग त्याने सगळं सांगितलं, आणि कुमार गवतावर बसून ऐकत राहिला. रॅस्कच्या खापरपणजोबाचं खरं नाव अँडर्स अँडरसन. स्वीडनमधलं खेडं. तिथे बापाच्या नावाला 'सन' जोडलं की झालं आडनाव, त्यामुळे फौजेच्या एका तुकडीत अठरा अँडर्स अँडरसन. कप्तानाने हाक मारली की अठराच्या अठरा हजर. कुमारला एकदम सोसायटीचा गणपती आठवला. "अमेय, आरती!" म्हटलं की पाच अमेय धावत यायचे. तर कप्तानांनी उपाय काढला. प्रत्येक शिपायाला एक छोटं, हाकेला सोपं नाव. कुणाला शूर, कुणाला निरोगी, कुणाला चपळ. आणि खरी गंमत पुढे होती. चारपाच शेतं मिळून एक शिपाई पोसत, त्याला एक झोपडी आणि तुकडाभर जमीन देत. नाव पुष्कळदा त्या जागेलाच चिकटे. म्हातारा रॅस्क थकला की झोपडीत नवा माणूस येई, आणि त्या दिवसापासून तो रॅस्क.

"आमच्या त्या झोपडीत सात रॅस्क होऊन गेले," तो म्हणाला. "एकाचंही दुसऱ्याशी रक्ताचं नातं नाही. सातवा माझा खापरपणजोबा. तो बोटीत बसला आणि नाव घेऊनच इकडे आला."

आता कुठे कुठे आहेत रॅस्क, कुमारने विचारलं. रॅस्कची एक चुलतबहीण तसा नकाशा करते म्हणे. स्वीडनमध्ये आहेत, डेन्मार्क-नॉर्वेत आहेत, पण तिथल्यांची गोष्ट निराळी. मिनेसोटात तर चर्चमध्ये रॅस्क म्हणून हाक मारली की अर्धा बाक वळतो. आणि इथे, या काउंटीत? त्याने बोट स्वतःच्या जाकिटावर टेकवलं.

क्रॉसिंगच्या या कामाआधी तीस वर्षं त्याने शाळांचे बॉयलर दुरुस्त केले होते. बायको गेल्यावर हे काम घेतलं. हे सांगताना त्याने जाकिटाच्या खिशातून एक छोटी वही काढली. पानापानावर पोरांची नावं, आणि प्रत्येकापुढे अर्थ. केया, एक सुवासिक फूल. कुश, पूजेला लागणारं गवत. शार्दूल, वाघ. एकेक नाव त्याने वाचून दाखवलं, आणि कुमार चकित झाला. शार्दूलला शाळेतल्या बाई वर्षभर 'शार्डल' म्हणत होत्या. या माणसाचा 'र्दू' अगदी चोख होता. पोराकडूनच पंधरा दिवस घोटून घेतला म्हणाला.

"नाव नीट घेतलं की पोर हाकेसरशी थांबतं," तो म्हणाला. "रस्त्यावर ते कामाला येतं. आणि तुमचं नाव?"

"कुमार."

"अर्थ?"

कुमार जरा घुटमळला. "मुलगा. लहान मुलगा."

रॅस्कने ते वहीत लिहिलं. लिहिताना त्याच्या मिशा हलत होत्या. कुमारला वाटलं, आता सांगून टाकावं. घसा खाकरून तो म्हणाला, की तो व्हिडिओ मी काढला होता.

"माहितीय. त्या बाकावरून दुसरं कोण काढणार?" रॅस्कने वही खिशात घातली. "पण तुमचं घड्याळ चुकलंय. दोन त्रेचाळीस लागतात. मीही मोजतो."

राग नाही, टोमणा नाही. कुमारला शिव्या परवडल्या असत्या.

मग इतका वेळ का लावता, असं त्याने विचारलंच.

"रांग शेवटच्याच्या चालीने चालते," रॅस्क म्हणाला. "पहिल्याच्या चालीने चालवली, की शेवटचा धावतो. धावणारं पोर गाडीवाल्याला दिसत नाही." त्याने सँडविच पुन्हा उचललं. "गुरुवारी त्यांना कुणी चपळ हवा असेल तर तो येईल. जागा आहे, माणूस मिळेल."

त्या संध्याकाळी अमेय येऊन गेला. कुमार सोफ्यावर होताच. अमेय वाईट मुलगा नव्हता. महिन्यात चार गाड्या चुकल्या होत्या, ऑफिसात नवा मॅनेजर होता आणि घरी दोन लहान मुलं. "बाबा, नथिंग पर्सनल," तो म्हणाला. "ही इज स्वीट. पण त्या जागेवर कुणीतरी फास्ट हवा ना. तुम्हीच तर दाखवलंत व्हिडिओत."

कुमारने पद्मजाकडे बघितलं, तर ती म्हणाली, "मी काय सांगू? कॉमेंट्री तुमची होती."

अमेय गेल्यावर कुमारने रवीला फोन केला. पैज हरलो, बुधवारी दप्तर घेऊन ये.

बुधवारी सकाळी अर्धी सोसायटी जमली. कुमार हरलाय ही बातमीच तशी होती. आजवर ज्यांच्या ज्यांच्या खोड्या त्याने काढल्या होत्या, ते सगळे फोन सरसावून उभे. रवीने स्वतःच्या हाताने त्याच्या पाठीला केयाचं शिंगवाल्या घोड्याचं गुलाबी दप्तर लावलं, बाटली गळ्यात घातली आणि पट्टे ताणून बघितले. "डबा खाशील ना रे नीट?" विनीताने विचारलं. हशा झाला. कुमारने सगळ्यांना हात केला, पोरांना जीभ काढून दाखवली आणि रांगेत शेवटचा जाऊन उभा राहिला. त्याच्यापुढे शार्दूल, त्याच्यापुढे कुश. मनात त्याने बेत आखला होता. मुद्दाम रेंगाळायचं, लंगडायचं, नाटक करायचं. तीन मिनिटांचा विक्रम करायचा आणि रॅस्कचा आकडा लोकांच्या डोक्यातून पुसून टाकायचा.

रॅस्कने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे. मधोमध गेला. पाटी वर झाली.

पहिलीच गाडी करड्या रंगाची. अमेयची.

पोरं निघाली. कुमारने दोन पावलं ठसक्यात टाकली, लोक हसले. तिसऱ्याला त्याने लंगडायचं सोंग घेतलं, आणखी हसले. पाचव्या-सहाव्या पावलाला गुडघ्यात कळ गेली, आणि पुढचं पाऊल सोंगाचं नव्हतं. दप्तरात रवीने गंमत म्हणून तीन जाड पुस्तकं भरली होती. कुमार थांबला. पुढची पोरं पार गेली. शार्दूल पलीकडे जाऊन वळून बघत उभा राहिला. मोकळ्या रस्त्यात आता दोघेच, पाटीवाला आणि दप्तरवाला.

हसणं सुरूच होतं, कारण हे कुमारचं नाटक आहे असंच सगळे समजत होते. पद्मजा तेवढी हसत नव्हती.

"कुमार," रॅस्क म्हणाला. पोरांना मारतो तशीच हाक, नाव अगदी नीट. "घाई नाही. गाड्या थांबल्यात."

त्याने हात पुढे केला नाही. फक्त एक पाऊल बाजूला सरकून गाड्या आणि कुमार यांच्या मध्ये आला. कुमारने पाय उचलला. ठेवला. दुसरा ओढला. मागून कुणीतरी भोंगा वाजवला, मग आणखी एकाने, लांबलचक.

करड्या गाडीचं दार उघडलं. ऑफिसचे कपडे, गळ्यात ओळखपत्र, तसाच अमेय खाली उतरला आणि दाराला धरून उभा राहिला. सोफ्यावर बसलेला बाप त्याने वर्षभर बघितला होता. चालणारा बघितला नव्हता. बाटली हेलकावत होती, दप्तरावरचा घोडा डुगडुगत होता, आणि बाप दर पावलाला ओठ आवळत होता.

भोंगा पुन्हा वाजला. अमेय मागे वळला आणि त्याने रांगेतल्या गाड्यांसमोर हाताचा पंजा उभा धरला. भोंगा थांबला.

फुटपाथवरचं हसणंही एकेक करत विरलं. फोन खाली आले. दूर जंक्शनच्या बाजूने आगगाडीची शिट्टी ऐकू आली. अमेयचा पंजा तसाच होता.

रवी फोनवर घड्याळ लावून उभा होता. आकडा जाहीर करायचं काम त्याच्याकडे होतं, आणि कुमारवर हसायची अशी संधी एकेचाळीस वर्षांत आली नव्हती. त्याने घड्याळाकडे बघितलं आणि फोन खिशात टाकला.

कुमारचा डावा पाय फुटपाथवर आला. शार्दूलने दप्तराला बाजूने हात लावला. उजवा पाय कडेला अडला, घासला, आणि वर आला.

दोन्ही पाय टेकले, तेव्हा रॅस्कने पाटी खाली घेतली.