चिकाचा डबा

"बल्ब गेलाय. कुणाला म्हणून कशाची पडलेली नाही या घरात."

फ्रिजचं दार सताड उघडं टाकून नाना स्वतःशीच पुटपुटत होते. त्यांची सून सुचेता मागेच ओट्याशी चहा टाकत होती.

"नाना, बल्ब नाही गेला. लाइट गेलीय. डीपी जळालीय, अख्ख्या दहिवलीत नाहीये. दार लावा बघू, गारवा जातो सगळा."

"असं होय," म्हणत नानांनी दार लावलं. अगदी शहाण्यासारखं, हलक्या हाताने. चहाला उकळी येईस्तोवर ते परत आले, परत दार उघडलं आणि परत बल्बच्या नावाने तीच कुरकुर.

परवा संध्याकाळी परतीचा पाऊस ढगांच्या गडगडाटात कोसळला आणि लाइट गेली ती गेलीच. फोन लावला की वायरमन म्हणायचा, "आज होऊन जाईल, मॅडम." आजचं उद्यावर जायचं. सुचेताने आपल्या परीने फ्रिज वाचवला होता. कोलंबीचं कालवण पहिल्याच रात्री संपवलं, दूध दर थोड्या वेळाने तापवलं, वालाच्या बिरड्याला वास सुटताच ते नाक मुरडून टाकून दिलं. राहिला होता तेवढा खरवस.

कळंबच्या बायजाची गाय व्याली होती. पूर्वी सुचेताकडे कामाला असलेली बायजा नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून, चिकाची बरणी तान्ह्या पोरासारखी मांडीत धरून आली होती. "पोरीला घाला, वैनी. आमच्या पोरांना काय, घरचाच हाय." आता असा चीक मिळतो कुठे? जायफळ घालून, बेताने वाफवून सुचेताने डबा भरला, आणि त्याच संध्याकाळी लाइट गेली. टाकायला हात होईना. येईल दुपारपर्यंत, असं म्हणत तिने डबा आत सरकवला. फ्रिजचं दार बंद ठेवलं तर वस्तू टिकते, एवढं तिला कळत होतं. दार बंद राहत नाही, हेही दिसत होतं.

हँडलला ओढणी बांधून टाकावी, असं मनात येऊन गेलं. पण ओढणी कशासाठी, ते नवऱ्याला, अजेयला सांगावं लागलं असतं. अजेयचं उत्तर तिला पाठ होतं. "वय झालंय गं त्यांचं. मी नाही का चष्मा विसरत?" बाजारातून नाना घराची वाट चुकले आणि शेजारच्या रिक्षावाल्याने त्यांना आणून सोडलं, त्याला या घरात 'पाय मोकळे करायला गेले होते' असं म्हणत. ज्या माणसाने कर्जतच्या बाजारात उभा जन्म औषधांचं दुकान चालवलं, चिठ्ठीशिवाय कुणाला गोळी दिली नाही, त्याच्याबद्दल दुसरं काय म्हणणार?

पंप बंद, म्हणून टाकी कोरडी. कोपऱ्यावर टँकर आला तशी सुचेता बादल्या घेऊन निघाली.

"नाना, सानवीकडे बघा हं. खायला काही देऊ नका, मी आल्यावर वरणभात टाकते."

"जा गं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

टँकरशी बायकांची ही झुंबड. ती परतली तेव्हा पाच वर्षांची सानवी खाली बसून चित्र रंगवत होती, नाना खुर्चीत डुलकी घेत होते. मोरीत दोन वाट्या पडल्या होत्या, पिवळसर कण चिकटलेल्या. डबा अर्धा झाला होता. सुचेताने बोटाने उरलेला चाखून बघितला. आंबट, आणि तळाशी बुळबुळीत.

"नाना, खरवस खाल्लात तुम्ही दोघांनी?"

"कसला खरवस?" नानांनी विचारलं, आणि ते नाटक नव्हतं.

दुपारी सानवीला उलट्या सुरू झाल्या, मागोमाग जुलाब. नानांच्याही संडासाच्या फेऱ्या चालू झाल्या. सुचेताच्या मोबाइलची बॅटरी कधीच मेली होती. शेजारच्या सुनिताकडून अजेयला फोन करून, रिक्षा शोधून आणीपर्यंत सानवी नानांजवळ होती. दुसरं कोण होतं तिथे?

दवाखान्यात जनरेटर धडधडत होता. रसायनीहून अजेय कामाच्या कपड्यांतच आला, तोवर सानवीच्या इवल्या हाताला सलाइन लागलं होतं. सुचेताने खरवसाचं सगळं सांगितलं, स्वतःला एक अक्षर न वाचवता. डॉक्टरीणबाई पोरीच्या पापण्या उघडून बघत होत्या. त्यांच्या कपाळावरची आठी जाईना.

"घरी काही औषध दिलंत? फार गुंगीत आहे ही. नुसत्या उलट्यांनी एवढी गुंगी मला पटत नाही."

"नाही," सुचेता म्हणाली, आणि तिची नजर सोबत आणलेल्या नानांच्या सदऱ्याच्या खिशाकडे गेली. तिथून गोळ्यांचं पाकीट डोकावत होतं.

बाईंनी ते हलकेच काढून घेतलं. "काका, या जुलाब थांबवायच्या गोळ्या आहेत. मोठ्या माणसांच्या. दोन घरं रिकामी आहेत. कुणी घेतल्या? लहान मुलाला या फार वाईट. दिल्या असतील तर हिला इथे ठेवून चालणार नाही, आत्ताच पुढे मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागेल."

"छे हो," अजेय म्हणाला. "नाना कसे देतील? जन्म गेला त्यांचा औषधांत. त्यांचंही पोट बिघडलंय ना, त्यांनीच घेतल्या असणार. हो ना नाना? तुम्हीच घेतल्यात ना?"

असं पुढे धरलेलं उत्तर नाना हल्ली अचूक उचलायचे. सुचेतानेही अशी कितीतरी उत्तरं त्यांच्या हातात दिली होती. जेवलात ना नाना, ओळखलंत ना यांना. प्रेमानेच दिली होती.

"हो," नाना म्हणाले.

अजेयने सुस्कारा सोडला. बाईंनी पाकीट टेबलावर ठेवलं.

नाना पलंगापाशी गेले. चादरीबाहेर आलेलं सानवीचं पाऊल त्यांनी मुठीत धरलं.

"नाही बाई," ते म्हणाले. "हा म्हणाला म्हणून मी हो म्हटलं. मला आठवत नाही. मी घेतल्या असतील, हिला दिल्या असतील. दिल्या असंच धरा आणि न्या हिला. आणि हे काही आजचंच नाही. वर्ष झालं असेल, माझ्या डोक्यात काही राहत नाही. यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे. नुसतं कुणी बोलत नव्हतं."