उजव्या हाताची नाडी

"थांबली! अहो, नाडी थांबली!"

दातांचे डॉक्टर ओरडले आणि हॉलमधली दीडशे माणसं एकदम गप्प झाली. मंचावर योगीराज मांडी घालून बसले होते. अंगात घोट्यापर्यंत लोळणारा पांढरा सैल झगा, डोळे मिटलेले, उजवा हात समोरच्या उशीवर उताणा. त्या मनगटावर डॉक्टरांची तीन बोटं टेकलेली होती आणि बोटांना काही म्हणजे काही लागत नव्हतं.

"मी आत्ता देहात नाही," योगीराज खर्जात म्हणाले. "देह इथं आहे, मी पलीकडे आहे. हृदयाला म्हटलं, बाबा रे, घटकाभर विसावा घे. ते माझं ऐकतं. तुमचं हृदय तुमचं ऐकतं का?"

"नाही!" दीडशे माणसं.

"कसं ऐकेल? तुम्ही त्याला गोळ्या चारता!"

आणि देह सोडून पलीकडे गेलेल्या त्या माणसानं डाव्या हातानं माइक जरा जवळ ओढून घेतला.

टाळ्यांचा पाऊस पडला. कुणी डोळे पुसले, कुणी फोन उंच धरून चित्रण केलं. दातांचे डॉक्टर स्वतःच्याच बोटांकडे पाहत खाली उतरले.

शेवटच्या रांगेत सिस्टर बसली होती. ती रुग्णालयात परिचारिका होती, बावीस वर्षं, आणि आता तिला घरीसुद्धा सगळे सिस्टरच म्हणत. सकाळची पाळी संपवून ती थेट इथं आली होती. पाय सुजले होते, कंबर ठणकत होती. पण सवयीची नजर कुठं जाते? ती योगीराजांच्या गळ्यावर गेली. गळ्याशी शीर व्यवस्थित टकटक उडत होती. उशीवरच्या हाताची बोटं पांढरी पडली होती आणि माइक ओढणाऱ्या हाताची गुलाबी होती. थांबलेली हृदयं तिनं पुष्कळ पाहिली होती. त्यांतलं एकही भाषण देत नव्हतं.

हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. आणि ती काही बोलली नाही.

न बोलण्याला कारणं होती. माणसं उचलून-उचलून तिची कंबर कामातून गेली होती. आणखी दहा वर्षं वॉर्डात निघणार नाहीत, हे तिला दिसत होतं. चार महिन्यांचं हे योगशिक्षकाचं प्रशिक्षण पुरं झालं, हाती प्रमाणपत्र आलं, की हलकंसं काही काम धरता येईल, एवढाच तिचा हिशेब. उगाच पहिल्या दिवशी मंचावर चढून वाकडेपणा कोण घेणार? जगात ढोंगी माणसं काय थोडी आहेत? एक आणखी.

शिवाय शिकवायला योगीराज नव्हतेच. ते महिन्यातून एकदा उगवायचे, नाडी थांबवायचे आणि जायचे. रोज संध्याकाळी शिकवायच्या त्या बाई. साठीच्या, काटकुळ्या, केस बारीक कापलेले, बोलणं मोजकं. गाड्या दुरुस्तीच्या दुकानावरच्या त्या लांबट हॉलमध्ये खालून हातोड्यांचे ठोके ऐकू यायचे आणि वर बाईंचा आवाज.

"दुखतंय की ताणलं जातंय? नीट बघ. त्या दोन्हीतला फरक कळला की निम्मं काम झालं."

सिस्टर घरी पलंग आणि कपाट यांच्यामधल्या पट्टीत चटई अंथरायची. चटईची एक कड कपाटाखाली जायची. तिथं रोज पहाटे अर्धा तास. दीड महिन्यानं एके दिवशी ती बाईंनी सांगितल्याप्रमाणे श्वास सोडत होती, आणि तो सुटतच गेला, पार तळापर्यंत. आपण किती वर्षं अर्धाच श्वास सोडत होतो, हे कळून तिला रडू आलं. कंबरदुखीही थोडी उतरली. चमत्कार नव्हे, दीड महिना रोज केलं म्हणून. पण खरं होतं ते, आणि त्या खऱ्यासाठी ती मंचावरचं खोटं चालवून घेत होती.

शेजारच्या चटईवर शिंपीकाका असायचे. चौसष्ट वर्षांचे, जन्मभर यंत्रावर वाकून मानेला बाक आलेला. शिकून आपल्या धंद्यातल्या माणसांच्या माना सरळ करायच्या, असा त्यांचा बेत. नजर अशी, की माणूस बघितला की माप निघायचं.

"सिस्टर, तुमचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे हो."

"बावीस वर्षं त्याच हातानं माणसं उचललीत, काका."

"मग शिवताना तिकडं थोडी भर घालावी लागेल."

हेच काका एकदा आसन करता करता सहज म्हणाले, "रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या मी. तीन आठवडे झाले."

सिस्टर ताठ झाली. "कुणाला विचारून?"

"योगीराजांना. जो माणूस नाडी थांबवतो, त्याला माझा दाब उतरवणं म्हणजे हातचा मळ. म्हणाले, शरण ये आणि गोळ्या फेकून दे."

"काका, तसं काही नसतं."

"म्हणजे? तुम्ही तिथंच होता की! डॉक्टरांनी तपासलं."

"दातांचे डॉक्टर होते ते."

"डॉक्टर तो डॉक्टर," काका हसले.

दुसऱ्या दिवशी तिनं रुग्णालयातून पट्टा आणून त्यांचा दाब मोजला. एकशे शहाण्णव आणि एकशे बारा. काका म्हणाले, यंत्र बिघडलंय. सिस्टरनं त्यांना दम दिला, आजपासून गोळ्या सुरू करा म्हणून बजावलं. गळ्याची शीर, पांढरी बोटं, हे मात्र सांगितलं नाही. एवढं समजावून सांगायचं त्राण त्या संध्याकाळी अंगात नव्हतं. उद्या सांगू, असं म्हणाली. उद्याचं परवा झालं.

आठ दिवसांनी वर्ग संपल्यावर सगळे चटया गुंडाळत होते. काकांना ती गुंडाळता येईना. उजवा हात चटईवर नुसता पडून होता. ते त्याच्याकडे असे बघत होते, जणू दुसरंच कुणी आपला हात तिथं विसरून गेलंय.

"काका, हसून दाखवा," सिस्टर धावत जाऊन म्हणाली.

ते हसले. अर्धेच.

गाडीत तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. वेळेत पोचले म्हणून जीव वाचला आणि बोलणंही फारसं गेलं नाही. पण चौथ्या दिवशी डॉक्टरांनी सुई हातात दिली, तेव्हा अंगठा आणि बोट एकमेकांना सापडेनात.

त्या रात्रपाळ्या, ती पळापळ, काकूंचं रडणं, यांत आठवडा गेला. मग एका सुट्टीच्या सकाळी सिस्टर स्वयंपाकघरात स्टुलावर बसली. नाडी गळ्याला लागते आणि मनगटाला लागत नाही, म्हणजे वाट मधेच कुठंतरी अडवलेली. नळ चालू आहे, फक्त रबरी नळी कुणीतरी दाबून धरलीय. कुठं? खांदा ते मनगट या वाटेवर रक्तवाहिनी वरवर येते आणि झग्याखाली झाकलीही जाते, अशी जागा एकच. तळपाय मोकळे करायला वर्गात टणक रबरी चेंडू देतात, त्यातला एक तिच्या पिशवीत होता. तिनं तो काखेत धरला, दंड अंगाशी घट्ट आवळला आणि दुसऱ्या हातानं मनगट चाचपलं.

ठोके बारीक झाले. मग गेलेच.

नवरा दारात उभा होता. "काय चाललंय?"

"नाडी थांबवतेय."

"मग चहा एकाचाच टाकू का?"

तिला हसू आलं. मग तिनं चेंडू काखेतून काढून समोर धरला. एवढंच होतं. एक चेंडू. याच्यासाठी एका शिंप्याचा हात गेला.

संध्याकाळी ती वर्गाच्या आधी जाऊन बाईंसमोर उभी राहिली. "बाई, चेंडू असतो. काखेत."

बाईंनी चटई झटकली. "हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अकरा वर्षं." बाई खाली बसल्या. त्या एकाएकी फार म्हाताऱ्या दिसल्या. "आधी मी एकटी शिकवायची. चार माणसं यायची, पावसापाण्याचं तीही नाही. हा आला, त्यानं नाडी थांबवली आणि दीडशे आली. श्वास शिकायला कुणी येत नाही गं. चमत्कार बघायला येतात. मी म्हटलं, येऊ देत. आल्यावर मी खरं तेच शिकवते ना?"

"शिकवता. मला शिकवलंत. पण काका तुमच्याकडून श्वास शिकले आणि त्याच्याकडून गोळ्या सोडायला. घरी जाताना माणूस दोन्ही घेऊन जातो, बाई."

बाई चटईची कड सरळ करत राहिल्या. खाली कुणीतरी पत्र्यावर हातोडा मारत होतं.

"तुमचंच कशाला," सिस्टर म्हणाली. "मीही पहिल्या दिवसापासून गप्पच होते."

प्रमाणपत्रांच्या समारंभाला हॉल खच्चून भरला. योगीराज झगा सावरत बसले, उजवा हात उशीवर उताणा टेकवला. "आहे कुणी साक्षीला? शंकेखोर असला तरी चालेल. शंका म्हणजे मनाचा मळ, इथं धुऊन निघेल!"

सिस्टर उठली.

"अरे वा! परिचारिका! या, या. विज्ञान स्वतः चालत आलं!"

तिनं उजवं मनगट धरलं. मग, कुणी सांगितलेलं नसताना, डावंही धरलं. हॉल शांत झाला.

"उजव्याला लागत नाही," ती माइकमध्ये म्हणाली. लोक हुंकारले. "डाव्याला लागते. मिनिटाला अठ्ठ्याण्णव. जरा जास्तच आहे, घाबरलेत."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हृदय तर एकच असतं. ते थांबलं तर दोन्ही हातांचं थांबेल. अर्ध्या अंगापुरतं थांबत नाही. योगीराज, उजवा हात जरा वर करता?"

"समाधीत हात हलवला तर प्राण उलटा फिरतो!" योगीराज गरजले. "बाई, अज्ञानानं जीव घ्याल माझा!"

"डाव्या हातानं दर वेळी माइक ओढता, तेव्हा नाही फिरत?"

आता हसणं वाढलं, आणि रागही. "खाली उतरा!" "गुरूंचा अपमान आहे हा!" पुढच्या रांगेतला एक जाडजूड गृहस्थ उठून मंचाकडे यायला लागला. सिस्टर जागची हलली नाही. वॉर्डात माणसं तिच्यावर ओरडत, ते दुखण्यापोटी. इथं धडधाकट माणसं ओरडत होती.

तेवढ्यात मंचाच्या कडेला बसलेल्या बाई उभ्या राहिल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. रोज वर्गात सूचना देत, तशीच दिली.

"योगीराज, हात वर घ्या. श्वास घेत, सावकाश."

वर्षानुवर्षं त्या आवाजावर हात वर करणारी निम्मी माणसं समोर होती. कुणी ओरडलं नाही. योगीराजांनी बाईंकडे पाहिलं. ते पाहणं रागाचं कमी आणि दचकल्याचं जास्त होतं. ते उठायला गेले, झग्यात पाय अडकला, तोल सावरायला दोन्ही हात आपोआप फाकले आणि काखेतून निसटलेला निळा चेंडू झग्याखालून टप टप करत मंचावरून पहिल्या रांगेत गेला. त्या जाडजूड गृहस्थाच्या पायाशी थांबला. त्यानं तो उचलला आणि बराच वेळ हातात धरून नुसता उभा राहिला.

सिस्टरनं दातांच्या डॉक्टरांना वर बोलावलं, तोच चेंडू स्वतःच्या काखेत आवळून हात पुढं केला. त्यांनी चाचपलं, मान हलवली. "लागत नाही." मग तिनं दंड सैल सोडला. "लागली," डॉक्टर म्हणाले, आणि लाजून खाली बघायला लागले. एकेक जण येऊन करून पाहू लागला. योगीराज मागच्या जिन्यानं उतरले होते.

सगळ्यांना पटलं असं समजू नका. काही म्हणाले, हे खोटं असेल, पण बाकीचं खरं असणार. योगीराजांनी पुढं दुसरीकडं बिऱ्हाड हलवलं, असं कानावर आलं. प्रमाणपत्रं त्या दिवशी कुणालाच मिळाली नाहीत.

ती काकांना भेटायला गेली. सगळं ऐकून ते डाव्या हातानं उजवा हात चोळत राहिले.

"तुम्हाला पहिल्या दिवशीच दिसलं होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"थकले होते, काका," ती म्हणाली. काकांनी माफ केलं की नाही, ते तिला कळलं नाही. त्यांनी फक्त काकूंना हाक मारून पाणी मागितलं. तिच्यासाठीही.

बाईंनी तो हॉल सोडला. सिस्टरला म्हणाल्या, "तुला करता येतं, शिकवता अजून येत नाही. वर्षभर ये." ती वर्षभर गेली. आता रुग्णालयात, चादरी ठेवायच्या जुन्या खोलीत, ती आठवड्यातून तीनदा वर्ग घेते. पहिल्या दिवशी सात जण आले होते.

तिनं आधी सगळ्यांना विचारलं, कुणाला कसल्या गोळ्या चालू आहेत, आणि वहीत लिहून घेतलं. "या गोळ्या मी सांगून सुरू झाल्या नाहीत, मी सांगून बंद होणार नाहीत," ती म्हणाली. "ज्यांनी दिल्या त्यांनाच विचारायचं. मी जे सांगेन, त्यालाही 'का' म्हणून विचारा. उत्तर देता आलं नाही, तर तसं सांगेन. आणि जो शिकवणारा विचारल्यावर रागावतो, त्याच्यापुढं चटई अंथरू नका."

"मग यानं होतं तरी काय?" दाराशी उभ्या असलेल्या एका बाईनं विचारलं.

"कंबर थोडी कमी दुखते. झोप बरी लागते. चार-सहा महिने रोज केलं तर."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

दोघं जण उठून गेले. त्या बाईनं थोडा विचार केला, चपला काढल्या आणि आत येऊन बसली.