थेंब न टपकणारा व्हॉल्व्ह

आमचे हे, म्हणजे रत्नपाल, दवनीवाड्यात फ्रिज दुरुस्त करतात. घरच्या फ्रिजचं दार मात्र दोरीने बांधून ठेवावं लागतं, ते असो. गेल्या आठवड्यात माझ्या सासूचं, कुसुमबाईंचं, ऐकण्याचं कानातलं मशीन पाण्याच्या बादलीत पडलं. तांदळाच्या डब्यात ठेवून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. तापवलं तर कायमचं जाईल, असं ते विकणाऱ्या दुकानदाराने बजावलं होतं.

तेव्हापासून सासू मागच्या अंगणात एकटीच बसायची. आमच्यात आली की एकेकाच्या तोंडाकडे बघायची, काय चाललंय विचारायची, आणि आम्ही हात हलवून 'काही नाही' म्हणायचो. मला फार वाईट वाटायचं.

मग यांच्या डोक्यात किडा वळवळला. डब्यातली हवा ओढून घेतली की ओल न तापवताच उडून जाते. फ्रिजमध्ये गॅस भरण्याआधी हे तेच तर करतात. स्टीलचा डबा, वर जाड काच, रबराची चकती, पंप म्हणून फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर, हवेचा दाब दाखवणारा काटा, सगळं जमलं. अडलं व्हॉल्व्हवर. तो फिरवून पंप बंद केला की काटा हळूहळू परत यायचा, म्हणजे कुठेतरी गळती होती.

हे गोंदियाहून पितळी व्हॉल्व्ह घेऊन आले. एक थेंब टपकणार नाही, असं दुकानदार छातीठोक म्हणाला होता. टपकलाही नसता, पण आम्हाला पाणी कुठे अडवायचं होतं? सिलिंडरला लावतात तसा मी साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा आला नाही, आणि काटा आपला परत. मी म्हटलं जोडावर गुंडाळलेली टेप कमी पडली, हे म्हणाले व्हॉल्व्हच खोटा. आमचं चांगलंच जुंपलं.

हा सगळा पसारा बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोखालच्या टेबलावर होता, कारण प्लग तिथेच. डब्यातली हवा ओढून ठेवलेली होती. सासूने वंदनेसाठी अगरबत्ती लावली आणि थबकली.

"रत्नपाल, धूर काऊन अंदर घुसून राहिला?"

आम्ही वाकून पाहिलं. व्हॉल्व्हची दांडी जिथून आत जाते, तिथे धुराची बारीक रेघ वळून नाहीशी होत होती. जन्मभर आम्ही बाहेर येणारं शोधत आलो, नळातून पाणी, फ्रिजमधून गॅस. इथे हवा आत शिरत होती, ती बुडबुडा कशाला काढेल?

यांनी भंगारातून बर्फाच्या कारखान्यातल्या मशीनचा एक व्हॉल्व्ह काढला. त्याची दांडी आत जातच नाही. ती वरून धातूचा पातळ पडदा दाबते आणि पडदा वाट बंद करतो. तो बसवला, तर काटा जागचा हलेना. सकाळपर्यंत डब्यातलं कानाचं मशीन कोरडं ठणठणीत.

सेल घालून मी ते सासूच्या कानात बसवलं. काही गोड बोलावं म्हणत होते, तेवढ्यात हे म्हणाले, व्हॉल्व्ह शेवटी मीच शोधला. मी म्हटलं, भंगार विकू नका म्हणून कोण ओरडत होतं? झालं, पुन्हा सुरू. मग पाहिलं तर सासू हसत होती आणि डोळे भरलेले होते. आम्ही दोघंही गप्प झालो.

"थांबले काऊन?" ती म्हणाली. "भांडा ना. मी ऐकून राहिली."