ठिगळ्या सुरू झाला नाही

मी एक जुना संगणक आहे. पण मित्रांनो, मी काही कारखान्यातून खोक्यात बसून आलेलो नाही. एका लिफ्ट मेकॅनिकने आणि त्यांच्या तेरा वर्षांच्या लेकीने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुटे भाग जुळवून उभे केले. पेटी एका बंद पडलेल्या ऑफिसच्या अडगळीतली. तिचा डावा पत्रा पांढरा, उजवा काळा. मदरबोर्ड, मेमरी आणि हार्ड डिस्क नवी घेतली. पॉवर सप्लाय तेवढा जुनाच ठेवला. "चालतोय ना? मग कशाला टाकायचा," असे मेकॅनिक म्हणाले. लेक पुस्तिका मोठ्याने वाचायची आणि ते स्क्रू आवळायचे. तिसऱ्या रविवारी माझा पडदा उजळला. माझे दुरंगी अंग न्याहाळून लेकीने माझे नाव ठिगळ्या ठेवले.

मी खूप राबलो. लेकीचा अभ्यास माझ्यावर झाला, कॉलेजचे प्रकल्प माझ्यावर झाले. मेकॅनिक मात्र दोन बोटांनी टाइप करायचे, आणि प्रत्येक अक्षर हरवल्यासारखे शोधायचे. पुढे लेकीला लॅपटॉप मिळाला आणि मी कोपऱ्यात गेलो. तीन वर्षांत कुणी माझा पत्रा उघडला नाही. आत धुळीची गोधडी साचली. माझा पंखा घरघरू लागला, तसे मेकॅनिक माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणायचे, "गप रे." क्षणभर मी गप्प व्हायचो. त्यांना वाटायचे, दुरुस्त झाले.

एकदा लेकीने माझा आवाज ऐकला. "बाबा, यातल्या फायलींची एक कॉपी काढून ठेवू या."

"काढू की. पळून चाललाय का तो?"

मेकॅनिककडे एका मोठ्या गोदामातल्या मालाच्या लिफ्टची देखभाल होती. त्या लिफ्टच्या तारेच्या दोराचे पदर तुटू लागले होते. त्यांनी मोबाइलवर फोटो काढले, ते माझ्यात उतरवले, आणि मोबाइलमध्ये जागा उरली नाही म्हणून तिथले पुसून टाकले. मग व्यवस्थापकांना पत्र लिहिले : लिफ्ट बंद ठेवून दोर ताबडतोब बदलावा. अशी दोन महिन्यांत तीन पत्रे झाली. पेनड्राइव्हवर नेऊन त्यांनी ती शेजारच्या दुकानात छापली, पेनड्राइव्ह दरवेळी पुसला, आणि पत्रे स्वतःच्या हाताने नेऊन दिली. पोच घेतली नाही. "बघतो, मालाची गडबड सरू दे," असे उत्तर दरवेळी मिळाले.

चौथ्या पत्राची वेळ आली नाही. एका सकाळी दोर तुटला आणि लिफ्ट चौथ्या मजल्यावरून खाली आली. आत लिफ्टमन होता. तो वाचला नाही.

व्यवस्थापकांनी सांगितले की मेकॅनिकचे एकही पत्र त्यांना मिळालेले नाही. सोमवारी दुपारी चौकशी ठरली. पत्रे आणि तारखेसकट फोटो, सगळे माझ्या डिस्कवर होते. जगात दुसरीकडे कुठेही नव्हते.

शनिवारी दुपारी मेकॅनिकनी माझे बटण दाबले. पंखा फिरला, पडद्यावर चिन्ह आले आणि काळोख झाला. मग मी आपोआप पुन्हा सुरू झालो, आणि पुन्हा विझलो. त्यांनी वायरी काढून परत खोचल्या. लेक धावत आली. दोघांनी पत्रा उघडला, धूळ झाडली. तिने मेमरीच्या पट्ट्या काढल्या, त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले आणि एकेक लावून पाहिली. मदरबोर्डवरचा छोटा सेलही बदलला. मी चिन्हापर्यंत यायचो आणि कोसळायचो.

तेवढ्यात माझ्या पोटातून आवाज आला. टक्, टक्, टक्.

"बाबा, थांबा," लेक म्हणाली. "हा डिस्कचा आवाज आहे. आता बटण दाबू नका. दुरुस्तीचं दुकान आता सोमवारीच उघडेल, सकाळीच तिथे नेऊ."

"सोमवारी चौकशी आहे. एकदा सुरू झाला की झालं. एकदाच."

ते एकदाच शनिवारी संध्याकाळपर्यंत चालले. रविवारी लेक बाहेर गेली तेव्हाही चालले. मित्रांनो, आयुष्यभर दुसऱ्यांच्या यंत्रांना जपून हात लावणारा हा माणूस. पण घाबरलेल्या माणसाचा हात त्याचा स्वतःचा राहत नाही. ते बटण दाबत राहिले आणि मला ओरडता येत नव्हते.

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच दोघे मला घेऊन पायरीवर बसले होते. दुरुस्ती करणाऱ्या बाईंनी माझा पॉवर सप्लाय उघडला आणि आतल्या, टोपणे फुगलेल्या तीन छोट्या डब्या दाखवल्या. "रोग इथे होता. वीज पुरत नव्हती, म्हणून डिस्क सुरू व्हायची आणि मध्येच बंद पडायची. त्यात ती आधीच थकलेली. दरवेळी तिची सुई तबकडीवर आपटली. तबकडी खरवडून निघालीय."

"काहीच निघणार नाही?" लेकीने विचारले.

"शाळेचे दोन-चार फोटो येतील कदाचित."

मेकॅनिक हळूच म्हणाले, "पहिल्या टकटकीला बंद केला असता तर?"

बाईंनी डिस्क टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "तर बहुतेक सगळं निघालं असतं."

दुपारी चौकशीत मेकॅनिकनी तोंडीच सगळे सांगितले. कागद मागितला, तो त्यांच्याकडे नव्हता. ठपका त्यांच्यावर आला. नोकरी गेली, परवानाही गेला. त्या दिवसापासून त्यांनी पान्ह्याला हात लावलेला नाही.

मला नवा पॉवर सप्लाय आणि नवी डिस्क मिळाली. आता मी झटक्यात सुरू होतो. पण आत काही नाही.

महिन्याभराने लिफ्टमनची बायको घरी आली. ती माझ्या समोरच्या खुर्चीत बसली. लेकीने पाणी दिले. तिने ते तसेच बाजूला ठेवले.

"दोर तुटणार हे तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारले.

"हो. मी तीनदा लिहून दिलं होतं. तुमचा विश्वास बसणार नाही, पण—"

"बसतो की. हे घरी सांगायचे, मेकॅनिक सारखे वरती पत्र देतायत म्हणून."

मेकॅनिकनी मान वर केली. किती दिवसांनी कुणीतरी त्यांना खरे मानले होते.

"पण एक सांगा," ती म्हणाली. "लिफ्टचा मेन स्विच कुणाच्या ताब्यात होता?"

"माझ्या," मेकॅनिक म्हणाले.

तिने मान हलवली, पदर सावरला आणि ती उठून गेली. ती रागावली नव्हती. रागावली असती तर त्यांना सोसले असते.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना बोलता येत नाही. फक्त आवाज बदलता येतो. तो बदलला की आमच्या डोक्यावर थाप मारू नका. आम्हाला उघडून पाहा. तक्रार जरूर लिहा, तिची नक्कलही ठेवा. पण कागद शोधायला बसण्याआधी उठा, आणि यंत्र बंद करा.