सोमवारची हरकत

आमच्या प्रकल्पात मतदान होत नाही. कुणी प्रस्ताव मांडला की सात दिवस थांबायचं, आणि त्याखाली कुणी हरकत लिहिली नाही तर तो मंजूर. एक हरकत आली तरी काम थांबतं. आमच्यातल्या राजसने हा नियम आणला तेव्हा मीच उचलून धरला होता, कारण चर्चेचं गुऱ्हाळ मला सहन होत नाही.

प्रकल्पाचं नाव ‘उच्चार’. फोनवरचा आणि संगणकावरचा मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आणि खुलं. कुणीही आतलं बघावं, दुरुस्त करावं. आम्ही चौदा जण, सगळे हौशी. सहा वर्षं आमचं सगळं बोलणं ईमेलच्या एका यादीवर चाललं. एकाने पत्र टाकलं की ते सगळ्यांना जायचं. मला त्याचा वीट आला होता. यादी बंद करून ‘कट्टा’ नावाच्या चॅटवर जाऊ या, असा प्रस्ताव मी मांडला, आणि शहाणपणा असा की मांडला तो कट्ट्यावरच. यादीवर फक्त एक ओळ टाकली, यादी बंद करायचा प्रस्ताव मांडलाय, सगळे इकडे या, आणि खाली लिंक.

सात दिवस रविवारी पाच वाजता संपत होते. त्या दुपारी आम्ही तिघं जुन्या पनवेलात एका टायपिंग क्लासच्या वरच्या खोलीत भेटलो. राजस उलव्याहून येऊन लॅपटॉप उघडून बसला होता. पाचला यादी बंद करायचं काम त्याच्याकडे. ज्यांच्या सर्व्हरवर ती होती ते आता नव्या याद्या देत नव्हते, म्हणजे एकदा गेली की गेलीच.

साडेचारला राहिल त्याच्या बहिणीला, नाझियाला, वर सोडून गेला. नाझियाला दिसत नाही. ‘उच्चार’चा प्रत्येक नवा आवाज आधी ती ऐकते आणि कुठे काय चुकलंय ते लिहून कळवते. यादीवरची निम्मी पत्रं तिची आहेत.

“आठवडाभर यादीवर कुणी बोललं नाही,” ती बसता बसता म्हणाली. “सगळे गावाला गेलात की काय?”

“आता आपण कट्ट्यावर असतो ना, नाझियाताई,” राजस म्हणाला. “पाचला यादी बंद. कुणाचीच हरकत आली नाही.”

“माझी आहे. मी लिहिली की.”

“कुठे?”

“यादीवर. सोमवारी.”

मी फोन काढला. कट्ट्यावर गेल्यापासून यादीची पत्रं मी उघडलीच नव्हती. तिचं पत्र तिथे होतं. ‘मला आत येता येत नाही. सिग्नलची चित्रं निवडा म्हणतंय. राहिलने निवडून दिली, तर आत नुसतं बटण, बटण, बटण ऐकू येतं. कुठलं कशाचं, कळत नाही. माझी हरकत आहे. मेहरबानी करून थांबा.’ मी राजसकडे बघितलं. त्यानेही ते उघडलं नव्हतं.

चार वाजून सेहेचाळीस मिनिटं झाली होती.

“हरकत प्रस्तावाखाली लिहायची असते,” राजस म्हणाला. “मागे आपल्या अवधूतने तिथे न लिहिता फोनवर हरकत घेतली, ती आपण धरली नव्हती. आज धरली तर तो काय म्हणेल?”

“मी तुझ्या खात्यातून हरकत लिहून देते,” मी नाझियाला म्हणाले. “दोन मिनिटांत होईल.”

“आणि उद्या? रोज येशील वाचून दाखवायला?” तिचा आवाज चढला नाही, पण हात मांडीवर घट्ट आवळले होते. “नीता, घरात, बँकेत, दुकानात, सगळीकडे मला राहिलला हाक मारावी लागते. यादीवर नाही मारावी लागत. एवढी एक जागा आहे माझी. ती पण नेताय.”

मी राजसवर उखडले. न दिसणाऱ्यांसाठी काम करतो म्हणून मिरवायचं, आणि दिसत नाही त्यालाच दाराबाहेर ठेवायचं, लाज कशी वाटत नाही, असं बरंच बोलले. त्याने ऐकून घेतलं.

“प्रस्ताव तुझा आहे, ताई,” तो म्हणाला.

आपलेच दात, आपलेच ओठ. पाचला तीन मिनिटं कमी असताना मी कट्टा उघडला. घाईत दोनदा चुकीचं छापलं गेलं. शेवटी माझ्याच प्रस्तावाखाली लिहिलं, ‘हरकत. नीता.’

“स्वतःच्याच प्रस्तावाला?” राजस म्हणाला.

“चालत नाही असं नियमात आहे का?”

त्याने जरा विचार केला आणि यादी बंद करायची खिडकी मिटली. पाच वाजले. मला केवढं हायसं वाटलं. आता नाझिया काहीतरी गोड बोलेल अशी आशाही होती, कशाला खोटं सांगू.

“राहिली गं यादी,” मी म्हणाले.

“काय लिहिलंस?”

“हरकत. नीता.”

ती म्हणाली, “मी सोमवारी लिहिलं तेव्हा थांबलं नाही. तू लिहिलंस तर थांबलं.” आणि राजसच्या दिशेने वळून तिने विचारलं, “तुमच्या नोंदीत माझ्या नावापुढे काय आहे?”

प्रस्तावावर कुणाचं काय म्हणणं, तो चौदा नावांचा तक्ता राजसने उघडला.

“वाच ना.”

“संमत,” तो म्हणाला.

“कुणी भरलं?”

तो तक्ता मी शुक्रवारीच भरून ठेवला होता, रविवारी वेळ वाचावा म्हणून.

“मी,” मी म्हणाले.